हातात जी प्रत, टिपेत तीच प्रत: पहिल्यांदा तळटिपा देणाऱ्यांसाठी

मार्गदर्शकांकडून मसुदा परत येतो आणि समासात जागोजागी एकच शब्द दिसतो: ‘संदर्भ?’ मग रात्री दहाला लॅपटॉप उघडून आपण आठवत बसतो, हे नक्की कुठे वाचलं होतं. ग्रंथालयाचं पुस्तक केव्हाच परत गेलेलं असतं. मोबाइलमध्ये एका पानाचा फोटो सापडतो, पण ते पान कुठल्या पुस्तकाचं हे फोटोत दिसत नाही. मी स्वतः यातून गेलो आहे, आणि आता इतरांचे शोधनिबंध तपासताना दर वेळी तेच पाहतो. म्हणून टिपा कशा लिहाव्यात याआधी वाचायला कसं बसावं, तिथून सुरुवात करू.

त्याआधी तीन नावं. पानाच्या तळाशी, आडव्या रेघेखाली येते ती तळटीप. लेखाच्या किंवा प्रकरणाच्या शेवटी एकत्र येतात त्या अंत्यटिपा. आणि वापरलेल्या सगळ्या साहित्याची अकारविल्हे यादी म्हणजे संदर्भसूची. टीप सांगते ‘हे विधान या पानावरून घेतलं’, सूची सांगते ‘मी एवढं वाचलं’. सूची दिली म्हणून टिपा टाळता येत नाहीत. ‘शेवटी सगळी पुस्तकं दिली आहेत की’ हा बचाव मी फार वेळा ऐकला आहे, आणि तो कुठेच चालत नाही.

उदाहरण एकच धरू, म्हणजे गोंधळ होणार नाही. समजा, तुमचा निबंध ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकावर आहे. ते पुण्यात १८८२ साली छापलं गेलं. त्याआधीच्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मुलाच्या हत्येसाठी फाशीची शिक्षा झाली होती. त्यावरून वर्तमानपत्रांत स्त्रियांवर जी टीका चालली होती, तिला बुलढाण्याच्या ताराबाईंनी दिलेलं हे उत्तर. पुढे पुस्तक विस्मृतीत गेलं, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणलं. म्हणजे पुस्तक १८८२ चं, पण तुमच्या टेबलावर असेल ते १९७५ चं किंवा त्यानंतरचं. टिपांचे निम्मे घोटाळे या एका फरकातून होतात.

पहिली पायरी: पुस्तक उघडलं की आधी मागचं पान

मुखपृष्ठ उलटल्यावर, शीर्षकपानाच्या मागे आवृत्ती, प्रकाशक, मुद्रक, किंमत हे सगळं छापलेलं असतं. वाचायला बसताना पहिल्यांदा त्या पानाचा फोटो काढा. पुढच्या पानांचे जे काही फोटो घ्याल, ते त्या फोटोच्या मागोमाग येतील. मोबाइलमध्ये प्रत्येक पुस्तकाचा वेगळा अल्बम केलात तर उत्तमच.

मग वहीत किंवा फाइलमध्ये एवढं उतरवा: लेखकाचं नाव जसं छापलं आहे तसं, पुस्तकाचं नाव, संपादक किंवा अनुवादक असल्यास त्यांचं नाव, प्रकाशन, गाव, कितवी आवृत्ती आणि तिचं वर्ष. पहिली आवृत्ती वेगळ्या सालची असेल तर तेही साल. त्याखाली मजकूर, आणि प्रत्येक उताऱ्याच्या आधी पानाचा आकडा. आधी आकडा, मग मजकूर. ही सवय लावून घ्या. उलट केलं की आकडा राहूनच जातो.

आणखी एक खूण आवश्यक आहे. वहीत पुस्तकातले शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर त्यांना लगेच अवतरणचिन्हं घाला. स्वतःच्या शब्दांत सारांश लिहिला असेल तर समासात ‘सा.’ लिहा. स्वतःला सुचलेलं असेल तर ‘मी’. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर एखादं छान वाक्य दिसतं आणि ते आपलं की त्यांचं हे कळत नाही. बऱ्याच वाङ्मयचौर्याचं मूळ इथे असतं, लबाडीत नसतं. पण परीक्षकाला वही दाखवायला कोण जाणार?

आवृत्तीबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका ग्रंथाची जुनी प्रत ग्रंथालयात वाचून मी टिपणं काढली. पुढे पैसे साठवून नवी आवृत्ती विकत घेतली आणि उरलेली टिपणं तिच्यातून काढली. प्रबंधात मात्र एकाच आवृत्तीचं साल दिलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पुस्तक समोर ठेवलं, माझी एक टीप वाचली, ते पान उघडलं आणि शांतपणे म्हणाले, “इथे तर दुसरंच काही आहे.” चूक मजकुरात नव्हती, पानाच्या आकड्यात होती. पण त्यानंतरची वीस मिनिटं माझ्या मुद्द्यांवर कोणी बोललं नाही.

तेव्हा नियम साधा: जी प्रत हातात धरून वाचलीत तीच टिपेत. मूळ आवृत्ती जुनी आणि प्रतिष्ठेची आहे म्हणून तिचं साल देऊन पान मात्र नव्या प्रतीचं द्यायचं, हे करू नका.

दुसरी पायरी: टीप कुठे हवी, कुठे नको

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले, टीप हवी. दुसऱ्याचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडला, तरी हवी. सुरुवातीला लोक इथेच चुकतात. आकडा दिला, हवी. एखाद्या विद्वानाशी सहमत किंवा असहमत झालात तर तो विद्वान कुठे काय म्हणाला ते दाखवायलाच हवं.

सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीला टीप नको. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला, याला टीप दिलीत तर वाचणारा हसेल. पण महाराजांच्या जन्मतिथीवर लिहित असाल तर टिपेशिवाय गत्यंतर नाही, कारण तिथे वाद होता: वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१. ज्या गोष्टीवर जाणकारांत दोन मतं आहेत ती ‘सर्वांना माहीत’ या खात्यात मोडत नाही. आपल्या विषयात काय सर्वज्ञात आहे हे पहिल्या वर्षी कळत नाही. शंका आली तर टीप द्या. जादाची टीप खोडणं सोपं, राहिलेली शोधणं कठीण.

टिपेचा दुसराही एक उपयोग आहे. मुख्य लेखनाचा ओघ तुटेल अशी माहिती तळाशी ठेवता येते. ताराबाईंवरच्या निबंधात विजयालक्ष्मीच्या खटल्याचा तपशील चार ओळींत तळटिपेत देता येईल. पण हात आखडता ठेवा. अर्धं पान टिपेने व्यापलं असेल तर दोनपैकी एक नक्की: तो मजकूर वर यायला हवा, नाहीतर निबंधातूनच जायला हवा.

तिसरी पायरी: आकडा बसवणं

टिपेचा छोटा, वर उचललेला आकडा विधान संपतं तिथे येतो, पूर्णविरामाच्या किंवा अवतरणचिन्हाच्या नंतर. वाक्याच्या मध्येच दोन वेगवेगळ्या लोकांची मतं आली असतील तर ज्याच्या त्याच्या मतानंतर, स्वल्पविरामाच्या पुढे. परिच्छेदाच्या शेवटी एकच आकडा टाकून संपूर्ण परिच्छेदाची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. कुठलं वाक्य कोणाचं हे मग कुणालाच कळत नाही.

आपल्याकडची एक खास अडचण: वाक्य सालावर संपलं आणि लगेच टिपेचा आकडा आला की १८८२ च्या डोक्यावर ३ बसून गणितातला घात दिसतो. अशा वेळी वाक्याची रचना थोडी फिरवा म्हणजे साल शेवटी येणार नाही. शीर्षकाला किंवा उपशीर्षकालाही टिपेचा आकडा लावू नका. अनुक्रमणिका आपोआप तयार करताना तो आकडा तिथेही जाऊन बसतो.

आकडे हाताने टाइप करू नका, हे वेगळं सांगायला हवं. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ एकत्र दाबलं की तळटीप येते. एफऐवजी डी दाबलं की अंत्यटीप. मधला परिच्छेद उचलून दुसरीकडे नेला तरी क्रमांक आपोआप बदलतात. गूगल डॉक्समध्येही तळटिपेसाठी तीच कळ चालते, पण तिथे अंत्यटिपांची सोय नाही. अंत्यटिपा हव्या असतील तर शेवटचं काम वर्डमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये करा. प्रबंधात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी टिपा द्यायची पद्धत आपल्याकडे बरीच रूढ आहे. त्यासाठी प्रत्येक प्रकरणानंतर पानाचा नव्हे तर ‘सेक्शन’चा ब्रेक द्यावा लागतो, आणि अंत्यटिपांच्या खिडकीत त्या सेक्शनच्या शेवटी याव्यात आणि क्रमांक दर सेक्शनला नव्याने सुरू व्हावा, असे दोन पर्याय निवडावे लागतात. हे पहिल्याच प्रकरणात करून घ्या.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेणार असाल तर मात्र सावध. युनिकोडमध्ये रूपांतर करताना मुख्य मजकूर नीट येतो आणि टिपा तशाच राहतात, असं मी पाहिलं आहे. रूपांतरानंतर एकेक टीप डोळ्यांनी तपासावी लागते. शक्य असेल तर सुरुवातच युनिकोडमध्ये करा.

चौथी पायरी: पहिली टीप पूर्ण

एखादं पुस्तक निबंधात पहिल्यांदा येतं तेव्हा त्याची पूर्ण ओळख द्यायची. आपल्या उदाहरणात ती अशी दिसेल:

ताराबाई शिंदे, स्त्रीपुरुष तुलना, संपा. स. गं. मालशे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबई, १९७५ (प्रथम प्रकाशन १८८२), पृ. अमुक.

पानाचा आकडा मी मुद्दामच ‘अमुक’ ठेवला आहे; तो तुमच्या प्रतीतून भरायचा. छापताना पुस्तकाचं नाव तिरक्या किंवा ठळक अक्षरात येतं. देवनागरीचे बरेच फॉन्ट तिरके केले की ओबडधोबड दिसतात, म्हणून मला ठळक बरं वाटतं. लेखाचं किंवा प्रकरणाचं नाव एकेरी अवतरणचिन्हांत. नाव, आडनाव हा क्रम टिपेत सरळ राहतो. सूचीत मात्र उलटतो: शिंदे, ताराबाई.

आता दुसरी टीप. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात, १८८५ मध्ये, ताराबाईंच्या पुस्तकाची बाजू घेतली. तुम्ही तो अंक पाहिलेला नाही, समग्र वाङ्मयात वाचला आहे. मग टीप प्रामाणिकपणे तेच सांगते: जोतीराव फुले, ‘सत्सार, अंक २’ (१८८५), महात्मा फुले समग्र वाङ्मय, संपा. धनंजय कीर व स. गं. मालशे, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ, मुंबई, १९६९, पृ. अमुक. या ग्रंथाच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या, य. दि. फडके यांनी संपादित केलेलीही आहे. त्यामुळे ‘फुले समग्र, पृ. अमुक’ एवढंच लिहून भागत नाही. संपादक आणि साल नसेल तर तो आकडा निरुपयोगी.

स्वल्पविराम कुठे, कंस कुठे, गाव आधी की प्रकाशन, यावर मराठीत एकमत नाही. विद्यापीठ किंवा नियतकालिक नियमावली देत असेल तर ती पाळा, पटो न पटो. देत नसेल तर एक पद्धत ठरवा, ती एका कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. परीक्षकाला तुमचा स्वल्पविराम खटकत नाही; पाचव्या पानावर एक रीत आणि पन्नासाव्यावर दुसरी, हे खटकतं.

इंग्रजी विभागातल्या मित्रांना तुम्ही कंसात (शिंदे १९७५: पृ. अमुक) असं लिहिताना पाहाल. समाजशास्त्रांत ती पद्धत सोयीची आहे. जुन्या मराठी साहित्यावर किंवा इतिहासावर लिहिताना मला ती पटत नाही. ‘शिंदे १९७५’ वाचलं की ताराबाई आणीबाणीच्या काळातल्या लेखिका वाटतात! मूळ साल, पुनर्मुद्रणाचं साल, संपादक, कुठला अंक हे सगळं सांगायला टिपेत जागा असते, कंसात नसते.

पाचवी पायरी: तेच पुस्तक पुन्हा

दुसऱ्या वेळेपासून पूर्ण तपशील नको. आडनाव, पुस्तकाचं आखूड नाव, पान: शिंदे, स्त्रीपुरुष तुलना, पृ. अमुक. एवढं पुरतं.

जुन्या ग्रंथांत यासाठी दोन संक्षेप दिसतात. लागून आधीच्याच टिपेतलं पुस्तक असेल तर ‘तत्रैव’, आणि आधी कुठेतरी येऊन गेलेलं असेल तर ‘उनि.’, म्हणजे उपरिनिर्दिष्ट. वाचताना ते समजायला हवेत. लिहिताना मात्र, माझं ऐकाल तर, दोन्ही टाळा. कारण सांगतो. बाराव्या टिपेत मालशे यांची आवृत्ती आहे, तेराव्यात ‘तत्रैव, पृ. अमुक’. मग मार्गदर्शक सांगतात, मधे एक परिच्छेद वाढवा. तुम्ही वाढवता, त्यात फुल्यांचा संदर्भ येतो, तो तेरावा होतो आणि तुमचं ‘तत्रैव’ चौदाव्या जागी सरकतं. आता ताराबाईंचं वाक्य फुल्यांच्या नावावर जमा. संगणक आकडे बदलतो, ‘तत्रैव’चा अर्थ बदलत नाही. ‘उनि.’ची तऱ्हा याहून वाईट: ‘फडके, उनि.’ वाचून वाचक ऐंशी टिपा मागे चाळत जातो, आणि फडक्यांची दोन पुस्तकं सापडतात. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची शैलीपुस्तिका १९०६ पासून निघते आणि इतिहासाचे अभ्यासक तिला मानतात. तिच्या २०१७ च्या आवृत्तीनेही ‘तत्रैव’च्या लॅटिन भावंडाऐवजी (ibid.) आखूड नावच वापरा, असा कल दाखवला आहे.

मराठी साहित्याच्या खास गाठी

बाहेरच्या कुठल्याही नियमावलीत न सापडणारा भाग हा. इथे जरा थांबून वाचा.

शके आणि इसवी सन. जुन्या पुस्तकांवर आणि नियतकालिकांवर शके असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९. वरच्याच दोन तिथी घ्या: वैशाख शके १५४९ म्हणजे १६२७, पण फाल्गुन शके १५५१ म्हणजे १६३०. सगळीकडे डोळे मिटून ७८ मिळवलेत तर दुसरी तिथी वर्षभर चुकेल. महिना माहीत नसेल तर दोन्ही सालं जोडून द्या, आणि पुस्तकावर जे छापलं आहे ते आधी: शके १८०४ (इ. स. १८८२-८३).

संतकाव्य. ज्ञानेश्वरीला पान नको; अध्याय आणि ओवी द्या, कारण वाचकाच्या घरी कुठली प्रत असेल सांगता येत नाही. पण ओवीक्रमांक प्रतीप्रतीत थोडे हलतात, म्हणून पहिल्या टिपेत कोणाची आवृत्ती वापरली ते सांगा. तुकोबांच्या गाथेत हे जास्तच जपावं लागतं. वेगवेगळ्या गाथांत अभंगांचा क्रम वेगळा आहे. नुसतं ‘गाथा, अभंग अमुक’ लिहिलं तर त्याचा पत्ता लागत नाही. गाथा कोणती ते सांगून क्रमांक द्या आणि अभंगाचं पहिलं चरण जोडा. चरणावरून कुठल्याही गाथेत अभंग सापडतो.

ऐतिहासिक कागद. राजवाडे, सरदेसाई यांच्या छापील साधनखंडांत प्रत्येक पत्राला लेखांक असतो. खंड आणि लेखांक दोन्ही द्या. पानापेक्षा लेखांक भरवशाचा. पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात मूळ मोडी कागद पाहिला असेल तर दफ्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आणि कागदाचा क्रमांक तिथल्या नोंदीत जसा आहे तसाच उतरवा. स्वतःच्या सोयीने क्रम बदलू नका. पुढचा माणूस तोच क्रमांक सांगून कागद मागणार आहे. आणि लिप्यंतर तुमचं असेल तर तसं नमूद करा.

टोपणनावं. पुस्तकावर ‘कुसुमाग्रज’ छापलं असेल तर टिपेत कुसुमाग्रज, ‘वि. वा. शिरवाडकर’ असेल तर शिरवाडकर. कविता एका नावाने आणि नाटकं दुसऱ्या नावाने लिहिणाऱ्यांना तुम्ही एक करू नका. सूचीत मात्र एका नावाशी ‘पाहा’ लिहून दुसऱ्या नावाकडे वाट दाखवता येते.

नियतकालिकं आणि वर्तमानपत्रं. मासिक असेल तर वर्ष, अंक, महिना आणि पानं. वर्तमानपत्र असेल तर पूर्ण तारीख: मूकनायक, ३१ जानेवारी १९२०. आता एक सापळा. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली, पण आपण सगळे ती पुस्तकरूपात वाचतो. पत्राचा क्रमांक आणि तारीख पुस्तकातून मिळते म्हणून टिपेत थेट ‘प्रभाकर’ लिहायचा मोह होतो. ‘प्रभाकर’चा अंक हातात धरलेला नसेल तर तो लिहू नका, पुस्तकाचा संदर्भ द्या आणि पत्राची तारीख त्यात सांगा.

हाच नियम दुसऱ्याच्या पुस्तकात आलेल्या अवतरणाला. आधी मूळ शोधायचा मनापासून प्रयत्न करा. निम्म्या वेळा अवतरणात एखादा शब्द गळलेला सापडतो. मूळ मिळालंच नाही तर मूळ लेखकाचं नाव देऊन पुढे ‘उद्धृत’ असं लिहा आणि जिथे वाचलं त्या पुस्तकाचा तपशील द्या. यात कमीपणा काही नाही. न वाचलेल्या ग्रंथाची थाटात टीप द्यायची आणि मधल्या लेखकाची छपाईची चूकही सोबत उचलायची, हा कमीपणा. जाणकार परीक्षक अशी चूक लगेच ओळखतात.

अनुवाद. रोझालिंड ओ’हॅनलन यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’चा इंग्रजी अनुवाद केला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याला लांब प्रस्तावना आहे. ती प्रस्तावना तुम्ही मराठीत उद्धृत केलीत तर टिपेच्या शेवटी ‘अनुवाद माझा’ असं लिहा. ताराबाईंचे शब्द मात्र कधीही इंग्रजीवरून परत मराठीत आणू नका. हसू नका, मी हे पाहिलेलं आहे.

पडद्यावर वाचलेलं

स्कॅन केलेलं जुनं पुस्तक वाचताना खालच्या पट्टीवर पीडीएफचं पान दिसतं, आणि कागदावर छापलेलं पान वेगळं असतं. मुखपृष्ठ आणि प्रस्तावना धरून दहा-पंधराचा फरक सहज पडतो. टिपेत छापील पान. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंध प्रकरणवार वेगळ्या फाइलींत असतात, तिथेही तेच: फाइलीचं नाही, प्रबंधाचं पान.

मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली नोंद लिहिणाऱ्याचं नाव असतं, ते द्या. नुसतं ‘विश्वकोश’ नको. संकेतस्थळावरच्या लेखाला लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचं नाव, पत्ता आणि तुम्ही पाहिल्याची तारीख. विकिपीडियावरून वाट विचारा, मुक्काम करू नका. तिथल्या टिपेतून मूळ पुस्तकाकडे जा. मुलाखत घेतली असेल तर नाव, गाव, तारीख, आणि त्या व्यक्तीला नाव छापायला चालेल का हे आधी विचारा.

तळाशी की शेवटी

हा वाद जुना आहे. एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्यावरच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला तेव्हा टिपा ग्रंथाच्या शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी प्रकाशकाला पत्र लिहून तक्रार केली: टिपेचा आकडा दिसला की शेवटी जायचं, आणि तिथे बहुतेक वेळा नुसतं ग्रंथाचं नाव, हे सगळं समासात किंवा पानाच्या तळाशी छापा. पुढे तिसऱ्या आवृत्तीत टिपा तळाशी आल्या.

मी ह्यूम यांच्या बाजूचा. परीक्षकाला पान न उलटता टीप दिसली की त्याचा तुमच्यावर विश्वास बसत जातो. पण मराठी नियतकालिकांना बहुधा लेखाच्या शेवटी टिपा हव्या असतात, कारण पानाची मांडणी सोपी जाते. वर्डमध्ये तळटिपांच्या अंत्यटिपा करायला दोन-चार क्लिक पुरतात, तेव्हा लिहिताना तळाशी ठेवा आणि पाठवताना बदला.

टीप दिली म्हणजे सुटलो?

नाही. उतारा जसाच्या तसा उचलला, अवतरणचिन्हं घातली नाहीत आणि शेवटी टिपेचा आकडा दिला, तर वाचणाऱ्याला वाटतं की मुद्दा त्यांचा आणि शब्द तुमचे. ही उचलेगिरीच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यावं लागतं. साठपर्यंत वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भ आणि सूची या मोजणीतून वगळतात. म्हणजे अवतरणचिन्हं आणि टीप दोन्ही असतील तर ते शब्द तुमच्या खात्यात पडत नाहीत. मराठी मजकुरातलं साम्य यंत्राला कितपत सापडतं, या भरवशावर राहू नका. प्रबंध शोधगंगेवर चढतो, आणि तिथे तो मूळ लेखकालाही वाचता येतो.

जमा करण्याआधी

सूची टिपांवरून करा, आठवणीवरून नको. अकारविल्हे संगणकाने लावली असेल तर क्ष आणि ज्ञ कुठे गेले ते पाहा. ते कधी क आणि ज मध्ये जाऊन बसतात, कधी शेवटी.

मग छापील प्रत काढा. वरचा मजकूर झाकून फक्त टिपा वाचत जा. ‘संपा.’ एकीकडे आणि ‘संपादक’ दुसरीकडे, गाव कधी आहे कधी नाही, हे सगळं मजकूर झाकल्यावरच दिसतं. ‘अमुक’ कुठे राहून गेलं असेल तर तेही.

शेवटी, पुस्तकांची आवड असलेल्या मित्राला पाच टिपा द्या, त्याच्या मनाने निवडलेल्या. त्याला ग्रंथालयात जाऊन ती पानं काढू द्या. पाचही सापडली तर बांधणीला टाका. एक जरी चुकली, तर चहा पाजून त्याला घरी पाठवा आणि पहिल्या टिपेपासून एकेक पुस्तक उघडायला बसा.